सड्यावर यंत्र चढण्याआधी : पुरातत्त्व सर्वेक्षण सेवेचा आमच्या गावाचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, घाटमाथ्याला लागून आमच्या गावचा सडा आहे. जांभ्या दगडाचा हा माथा वरून सपाट आणि तिन्ही बाजूंनी तुटलेला असून चौथ्या बाजूने तो उतरत गावापर्यंत येतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ग्रामपंचायतीत पत्र आले की या सड्यावर बॉक्साइटच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या शोधासाठी बोअर मारले जाणार आहेत. गावसभा भरली, उलटसुलट पुष्कळ चर्चा झाली. शेवटी देवस्थान समिती आणि सड्यावर जमीन असलेली घरे यांनी मिळून असे ठरवले की यंत्र वर चढण्याआधी तिथे जुने काय काय आहे याची जाणकारांकडून रीतसर नोंद करून घ्यावी. घरटी पाचशे रुपये वर्गणी काढून आम्ही हे काम पुरातत्त्व सर्वेक्षण करणाऱ्या एका खासगी गटाकडे सोपवले. समितीचा कार्यवाह या नात्याने त्यांच्याशी पत्रव्यवहार करणे, सड्यावर त्यांच्याबरोबर हिंडणे आणि शेवटी अहवाल तपासून घेणे ही तिन्ही कामे माझ्याकडे होती. आपल्या भागातील आणखी गावांना अशी सेवा घ्यावी लागेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. लेखात तक्रारीचाही भाग असल्याने गटाचे नाव देत नाही.

मत आधीच सांगतो. प्रत्यक्ष जमिनीवरचे काम पहिल्या प्रतीचे झाले. पहिली फेरी मात्र चुकीच्या ऋतूत काढल्यामुळे जवळजवळ वाया गेली. अहवाल हाती आला तेव्हा तो गावाच्या उपयोगाचा नव्हता आणि तो तसा करून घेण्यासाठी आम्हाला दोन महिने पाठपुरावा करावा लागला. इतके होऊनही मी या गटाची शिफारस करतो.

खाण मंजूर होईल तेव्हा बघू, नुसता शोध चालू असताना सर्वेक्षणाची घाई कशाला, असा प्रश्न सभेत दोन-तीन जाणत्या मंडळींनी विचारला होता. तो रास्तच होता आणि त्याचे उत्तर खनिजाच्या घडणीतच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाखो वर्षे पाऊस मुरत राहिला, त्यातील सिलिका विरघळून वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि त्यातूनच जांभा व बॉक्साइट तयार झाला. त्यामुळे हे खनिज सड्याच्या माथ्यावरच, पायाखालच्या काही मीटरांत असते. कोळशाची गोष्ट वेगळी आहे. कोळशाचा थर शोधताना बोअर शेकडो मीटर खाली जातो आणि वरची जमीन त्या शोधात केवळ वाटेत लागते. आमच्याकडे मात्र ज्या खडकाच्या पाठीवर कुणी काही कोरून ठेवले असेल, तोच खडक खनिज म्हणून फोडून तपासला जाणार आहे. शिवाय बोअरचे भोक वीतभर रुंद असले तरी यंत्र तिथपर्यंत नेण्यासाठी जेसीबीने वाट करावी लागते, ते उभे करण्यासाठी जागा सपाट करावी लागते, आणि दर २०० मीटरला, पुढे दर १०० मीटरला एक अशा खुंट्या ठोकल्या गेल्या की त्या वाटांचे जाळे सगळ्या माळावर पसरते. दगडांच्या जुन्या रांगा, चौथरे, राखेचे आणि लोखंडाच्या किटाचे ढीग मोडतात ते या वाटांनी. बेळगाव शहरातल्या लोकांच्या तोंडी बॉक्साइट रोड हे नाव रोजचे आहे आणि तिथला ॲल्युमिनाचा कारखाना १९६९ पासूनचा आहे, त्यामुळे खनिज आम्हाला नवे नाही. त्याच्या शोधाआधी पुरातत्त्वाची नोंद झालेली मात्र आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्या बैठकीत गटप्रमुख सरांनी आम्हाला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ब्लॅक मेसा या पठाराची हकीकत सांगितली. नावाहो आणि होपी या मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच्या या पठारात कोळसा आहे. पीबॉडी कंपनीने तिथे उघड्या खाणींसाठी भाडेपट्टा घेतला आणि खाण पुढे सरकण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी पठार पायी पालथे घातले. १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षे ते काम कंपनीच्या खर्चाने चालले आणि हजारो जुन्या वस्तीस्थानांची नोंद झाली. इतकी मोठी नोंद एरवी कधी झाली नसती, हे सरांनी मोकळेपणाने सांगितले. त्याच दमात त्यांनी हेही सांगितले की खोदून काढलेल्या वस्तू आणि मानवी अवशेष तिथून दूर, इलिनॉय राज्यातल्या विद्यापीठात नेऊन ठेवले गेले आणि त्यावरून पुढे वाद झाले. हे ऐकल्यावर आमच्या वाड्यावरच्या एका तात्यांनी जागच्या जागी अट घातली की सड्यावरचा एक खडाही खाली न्यायचा नाही. सरांनी ती अट करारपत्रात पहिल्या कलमात घेतली. आमचा विश्वास बसला तो इथे.

कायद्याची बाजू त्यांनी साध्या भाषेत समजावली. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियम आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला व खाणकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. कर्नाटक राज्याचा स्वतःचा असाच कायदा १९६१ चा आहे. पण ही तरतूद लागू होते ती संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेला. आमच्या सड्यावर अशी जाहीर झालेली एकही जागा नाही, त्यामुळे तिथे जे काही असेल ते कागदावर आल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाला दिसणारच नाही. जनसुनावणीचा टप्पा येतो तो प्रत्यक्ष खाणीच्या वेळी. शोधाच्या पायरीवर गावाला विचारणारे कुणी नसते. उत्खननाला परवाना लागतो, म्हणून हे काम नुसती नजरेने पाहणी, मोजमाप आणि छायाचित्रे इतकेच राहील, असेही त्यांनी पहिल्या दिवशी स्पष्ट केले. एखाद्याला जमिनीत दडलेले धन सापडलेच आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही त्यांनी सांगितले. ही गोष्ट गावात पोहोचवणे फार गरजेचे होते, कारण 'सड्यावर सोनं शोधायला माणसं आलीत' अशी बोलवा तोवर झालीच होती.

आता पहिल्या तक्रारीकडे येतो. गट पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आमच्याकडे दिवाळीनंतरही सड्यावरचे गवत कमरेइतके उभे असते आणि कापणी व्हायची असते. चार माणसे तीन दिवस त्या गवतातून चालली. पायाखालचा खडक दिसतच नव्हता. कडेच्या उघड्या भागात दोन जुने चौथरे आणि चिरे काढल्याची एक जागा एवढीच नोंद झाली. गावातल्या कोणत्याही गुराख्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की सडा बघायचा तर माघ-फाल्गुनात, गवत कापून झाल्यावर किंवा वणव्यानंतर. महिना ठरवताना आम्हालाही कुणी विचारले नाही आणि आम्हीही बोललो नाही, त्यामुळे दोष थोडा आमचाही आहे. तरी हा त्यांचा रोजचा धंदा आहे. जमिनीवर काय दिसते यावरच ज्यांचे सगळे काम अवलंबून असते, त्यांनी ऋतूची चौकशी आधी करायला हवी होती. त्या फेरीचे पूर्ण बिल लावले गेले. आम्ही हरकत घेतली, तेव्हा दुसऱ्या फेरीत केवळ प्रवासखर्च घेऊन त्यांनी ती भरून काढली.

दुसरी फेरी फेब्रुवारीच्या अखेरीस झाली आणि तिच्याबद्दल मी मनापासून चांगले लिहू शकतो. गवत कापून गंजी रचल्या गेल्या होत्या, खडक सगळा उघडा होता. सहा दिवस हे लोक पहाटे उजाडताच वर असत, उन्हे चढली की झाडाखाली बसून नोंदी लिहीत आणि चारनंतर पुन्हा चालायला लागत. असे का, म्हणून विचारले तेव्हा कळले की खडकातली उथळ रेघ दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात पुसल्यासारखी होते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या एका कडेला सावली धरते आणि ती उठून दिसते. दहा-दहा मीटरांवर एकेक माणूस उभा करून सगळी रांग एका चालीने पुढे सरकत असे. वाटेत काही दिसले की तो माणूस हात वर करी, आणि हात वर झाला की सगळी रांग थांबे. प्रत्येक जागेची जीपीएसवर नोंद, मोजपट्टी ठेवून फोटो, उत्तर दिशेची खूण, आणि वहीत हाताने काढलेला नकाशा. हातातल्या यंत्रावर सगळे चढवता येत असताना वहीत पुन्हा कशाला, असे मला आधी वाटले होते. चौथ्या दिवशी एक यंत्र उन्हाने बंद पडले आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी वहीमुळे वाचल्या.

एक जागा जवळून पाहिली ती सांगतो. सड्याच्या मधोमध पाणी साठणारी एक कोंड आहे आणि तिच्या काठाला खडकावर पुष्कळ भोके आहेत. जांभ्याला भोके असतातच, त्यामुळे जन्मभर त्यांच्यावरून चालूनही मला त्यांत काही दिसले नव्हते. गटातल्या मॅडम तिथे गुडघे टेकून बसल्या आणि खिशातून छोटा आरसा काढून त्यांनी ऊन खडकावर आडवे पाडले. त्याबरोबर भोकांचे दोन प्रकार वेगळे झाले. एक प्रकार वेडावाकडा, काठाला धार असलेला, आत एकाला एक जोडलेला. तो खडकाचा स्वतःचा. दुसरा वाटीसारखा गोल, काठ झिजून गुळगुळीत झालेला, प्रत्येक खळगा चार बोटे रुंद, आणि सात-सातच्या दोन सरळ ओळी. खडूने किंवा रांगोळीने त्या ओळी गिरवून फोटो काढावा असे एका विद्यार्थ्याने सुचवले, तेव्हा मॅडमनी त्याला अडवले. खडूची पूड बारीक छिद्रांत बसते आणि पुढच्या अभ्यासाला अडथळा होतो, असे त्या म्हणाल्या. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन निघालेल्या आमच्या शेजारच्या आज्जी तिथे थांबल्या. आम्ही काय बघतोय ते त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "ह्ये व्हय? आम्ही पोरी असताना गुरं राखायला यायचो तवा चिंचोकं घालून खेळायचो की हितं. अळगुळी म्हणत्यात त्याला." कन्नडमध्ये ज्याला अळगुळी मने म्हणतात तो चौदा घरांचा खेळ हाच.

मला वाटले, झाले, एवढ्याशा खेळाला कोण पुरातत्त्व म्हणणार. मॅडमनी मात्र आज्जींना खाली बसवून घेतले, खेळ कसा चालतो ते चिंचोक्यांऐवजी खडे घेऊन दाखवायला सांगितले आणि सगळे लिहून घेतले. अहवालात या जागेपुढे जे लिहिले आहे ते मला फार आवडले : दोन ओळींचा खेळपट, वापर जिवंत स्मृतीत, खळगे त्याआधीचे असण्याची शक्यता, काळ ठरवण्याइतका पुरावा नाही. याला सहज दोन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून ठोकून देता आले असते आणि गावाला ते आवडलेही असते. कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांची आता सगळीकडे चर्चा आहे. बारसू, कशेळी, उक्षी अशा जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्या आहेत, गोव्यातले उसगळीमळचे कोरीवकामही १९९३ पासून अभ्यासकांना माहीत आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षणाचे बोअर मारायला यंत्रे आली तेव्हा गावकऱ्यांनी केलेला विरोध आपण सर्वांनी पाहिला. आपल्याही सड्यावर तसे काही निघावे अशी आशा गावात होतीच. तसे काही निघाले नाही, आणि जे निघाले ते फुगवून सांगितले नाही, म्हणून मी या गटाला प्रामाणिक म्हणतो.

सगळ्यांत मोलाची नोंद झाली ती सड्याच्या उत्तर कडेला. तिथे एका शेताला पिढ्यान्‌पिढ्या 'किटाचा तुकडा' म्हणतात. कीट म्हणजे लोखंडाचा मळ, हे शब्दाने ठाऊक असूनही त्या नावाचा विचार कुणी केला नव्हता. सर त्या शेताच्या बांधावरून खाली उतरले आणि हातभर उकरल्यासारख्या दिसणाऱ्या जागेत त्यांना काळे, जड खडे दिसले. एक खडा त्यांनी माझ्या हातात दिला. आकाराने लिंबाएवढा, पण वजन असे की हात खाली गेला. एका बाजूने तो काचेसारखा चकचकीत होता आणि मेण ओघळून गोठावे तसे ओघळ त्याच्यावर होते, दुसऱ्या बाजूला तांबूस गंज आणि त्यात कोळशाचा ठसा. जवळच पक्क्या मातीच्या नळीचा बोटभर तुकडा होता, एका टोकाला वितळून हिरवट झालेला. भात्याचा वारा भट्टीत सोडणारी ती नळी. जांभ्यातले लोखंड लाकडी कोळशावर गाळण्याचा उद्योग सह्याद्रीत धावड लोक करीत असत. आमच्या कडेला ती भट्टी होती याचा हा पुरावा. पाहून झाल्यावर सरांनी खडा आणि नळीचा तुकडा जिथले तिथे ठेवले, आणि ते ठेवताना कोणती बाजू वर होती हेही आठवून ठेवले.

त्या ढिगाच्या मधोमध, चुना लावलेली, बोअरच्या जागेची खुंटी उभी होती.

सड्यावरच्या पायपिटीइतकेच महत्त्वाचे काम मॅडमनी खाली गावात केले. दुपारच्या वेळी त्या घरोघर जाऊन बायकांशी बोलल्या. पुरुष मंडळींनी देवाचा दगड, पांडवांची जागा, शिवकाळातली वाट अशा ठरीव गोष्टी सांगितल्या होत्या. बायकांनी सांगितले ते वेगळे होते : कोणत्या झऱ्याला चैत्रातही पाणी असते, कोणत्या दगडाला सुगीच्या आधी नारळ फोडतात, पूर्वी मिठाचे बैल कोणत्या वाटेने वर चढत. झऱ्याजवळचा वीरगळ अशाच एका बोलण्यातून सापडला. धुणे धुण्याचा दगड म्हणून तो पालथा पडला होता आणि एका काकींच्या सासूबाईंनी 'त्याच्या पोटाला माणसं हाईत' असे सांगून ठेवले होते. चौघांनी मिळून तो उचलून उभा केला तेव्हा खाली लढणारा वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असे तीन पट्टे दिसले. दगड आता त्याच जागी, पण चित्राची बाजू वर करून, चार चिऱ्यांवर ठेवला आहे. नोव्हेंबरच्या फेरीत गटात एकही स्त्री नव्हती आणि गावातल्या एकाही बाईशी बोलणे झाले नव्हते, हे इथे नमूद करायला हवे.

अहवाल एप्रिलमध्ये आला आणि तो उघडल्यावर माझी निराशा झाली. चाळीस पानांतली अकरा पाने जिल्ह्याच्या सर्वसाधारण इतिहासाने भरली होती. हलशी ही कदंबांची पलाशिका, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची आणि रट्टांच्या कार्तवीर्य चौथ्याच्या काळातली, शहराजवळच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वसाहत उत्खननात मिळाली, हे सगळे खरे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे; परंतु आमच्या सड्यावरच्या भट्टीशी त्याचा संबंध काय, ते कुठेच सांगितले नव्हते. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूरचनेवर १८७६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि मलप्रभेच्या खोऱ्यातल्या अश्मयुगीन हत्यारांकडे लक्ष वेधले, तो भाग तेवढा विषयाला धरून होता. फूट हे मुळात भूगर्भतज्ज्ञ होते. खनिजाच्या पाहणीसाठी हिंडणाऱ्या माणसाच्या नजरेला जुनी हत्यारे पडावीत, ही गोष्ट शोधकाम करणाऱ्या आजच्या मंडळींनीही वाचावी अशी आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की सगळा अहवाल इंग्रजीत होता. आमच्याकडे सरकारी पत्र कन्नडमध्ये येते, तज्ज्ञांचा अहवाल इंग्रजीत येतो आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे ती माणसे मराठी वाचतात. या तीन भाषांच्या मध्ये आमची पुष्कळ कामे अडून राहतात, त्यात हे एक वाढले. नकाशाही असा होता की त्यावर अक्षांश-रेखांश दशांशात दिलेले, पण सर्व्हे नंबर एकही नाही. 'स्थळ क्रमांक ७' म्हणजे कुणाच्या शेतात, हे नकाशा हातात धरून मलाही सांगता येईना, मग तलाठ्यांना काय कळणार आणि खुंटी ठोकणाऱ्या माणसाला तरी काय कळणार? आम्ही लेखी मागणी केली : मराठी प्रत द्यावी, कन्नडमध्ये दोन पानी सारांश द्यावा, आणि सगळ्या जागा गावनकाशावर सर्व्हे नंबर व बोअरच्या खुंट्यांसह एकाच कागदावर दाखवाव्यात. पहिले उत्तर आले की भाषांतर करारात नाही. ते खरे होते, करार करताना आम्हीच ते लिहून घेतले नव्हते. शेवटी भाषांतराचा निम्मा खर्च समितीने उचलला आणि गावनकाशाचे काम त्यांनी पदरचे केले.

तो एक कागद तयार झाल्याबरोबर अडलेले काम पुढे सरकले. शोधकाम करणाऱ्या मंडळींची आणि आमची बैठक झाली, तेव्हा अहवालाची चाळीस पाने कुणी उघडली नाहीत. टेबलावर फक्त तो नकाशा पसरला होता. किटाच्या तुकड्यातली खुंटी चाळीस मीटर दक्षिणेला, ढिगाच्या बाहेर सरकवली गेली. कोंडीच्या काठावरून जाणारी जेसीबीची वाट वळवून जुन्या बैलगाडीच्या चाकोरीवरून न्यायचे ठरले. झऱ्याच्या वरच्या अंगाची एक खुंटी काढावी ही आमची मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि तिथे पुरातत्त्वाचा आधारही नव्हता हे मान्य करायला हवे. पाण्याचा प्रश्न वेगळ्या मार्गाने मांडावा लागेल.

ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी करारातच महिना लिहून घ्यावा, अहवालाची भाषा लिहून घ्यावी आणि नकाशा सर्व्हे नंबरांवर मिळेल हे लिहून घ्यावे. चालणाऱ्यांच्या रांगेत गावचा निदान एक गुराखी आणि एक बाई रोज असावी. त्यांची मजुरी करारात धरावी, आम्ही ती नंतर वेगळी दिली. इंग्रजी अहवालाच्या मागे जोडलेले नोंदीचे तक्ते मात्र जपून ठेवावेत. त्यांत प्रत्येक जागेचे माप, फोटोचा क्रमांक, जमिनीची त्या दिवशीची अवस्था आणि किती टक्के खडक उघडा दिसत होता हे सगळे आहे. नोव्हेंबरच्या तक्त्यांत 'दृश्यता अत्यंत कमी' असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि बिलावर हरकत घेताना आम्हाला त्याच ओळीचा उपयोग झाला.

मराठी प्रत आल्या दिवशी उरलेली रक्कम आम्ही चुकती केली. सड्याचे पूर्वेकडचे टोक कारवीच्या दाट झुडपांमुळे दोन्ही फेऱ्यांत चालून झालेले नाही आणि त्या बाजूला अजून खुंट्या पडलेल्या नाहीत. येत्या माघात त्या टोकाची पाहणी करण्यासाठी समितीने याच गटाला पत्र पाठवले आहे. पत्रासोबतच्या करारात मराठीचे कलम पहिले आहे आणि खडा न उचलण्याचे दुसरे.